संदर्भ हवा, भांडणाराही हवा

सप्टेंबर २०१३ची गोष्ट. क्रोएशिया हा चिमुकला देश युरोपीय संघात सामील होऊन अडीच महिने झाले होते. देशाचे शिक्षणमंत्री झेल्को योवानोविच यांनी शाळा-कॉलेजातल्या मुलांना जाहीर सल्ला दिला : क्रोएशियन भाषेतल्या विकिपीडियावर विसंबू नका. त्यातला बराचसा मजकूर शंकास्पद तर आहेच, पण काही उघडउघड बनावट आहे. त्यापेक्षा इंग्रजी किंवा दुसऱ्या एखाद्या मोठ्या भाषेतला विकिपीडिया वाचा.

एका देशाचा शिक्षणमंत्री आपल्याच मुलांना सांगतोय की मातृभाषेतला ज्ञानकोश मिटा आणि परक्या भाषेतला उघडा. आपल्याकडे मराठी शाळांवरून, अभिजात दर्जावरून काय रान उठतं ते आठवा. म्हणजे असं वाक्य मंत्र्याच्या तोंडून यायला काय वेळ आली असेल याचा अंदाज येईल.

वेळ खरोखरच तशी आली होती. सावा नदीकाठी यासेनोवात्स नावाचं गाव आहे. १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, नाझींच्या आशीर्वादाने ‘स्वतंत्र क्रोएशिया राज्य’ उभं राहिलं आणि ‘उस्ताशा’ ही फासिस्ट संघटना त्याची धनी झाली. तिने यासेनोवात्सला छळछावणी काढली. सर्ब, ज्यू, रोमा आणि उस्ताशांना विरोध करणारे क्रोएट तिथे मारले गेले. आज तिथे असलेल्या स्मारकाने एकेक नाव शोधून मृतांची यादी केली आहे. त्या यादीत ८३,१४५ नावं आहेत. त्यांतली वीस हजारांहून जास्त नावं चौदा वर्षांखालच्या मुलांची आहेत.

क्रोएशियन विकिपीडियावर मात्र या जागेचं वर्णन लोकांना एकत्र ठेवण्याची, त्यांच्याकडून काम करून घेण्याची छावणी अशा थाटात होतं. उस्ताशांचे गुन्हे पुसट केलेले, त्यांच्या विरोधकांचे ठळक केलेले. झाग्रेब विद्यापीठातल्या इतिहासकार स्न्येझाना कोरेन यांनी हे लेख तपासले. लेख पक्षपाती आहेत, दुष्ट हेतूने लिहिले आहेत आणि काही ठिकाणी तर लिहिणाऱ्याला धड लिहिताही येत नाही, असं त्यांचं मत पडलं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मला या प्रकरणात ओढलं ते एका इंजिनिअरी प्रश्नाने. विकिपीडिया तीनशेहून अधिक भाषांत आहे. सगळ्यांच्या मुळाशी सॉफ्टवेअर एकच, मीडियाविकी. पायाभूत नियमही तेच, फक्त भाषांतरित. एकच कोड दोन सर्व्हरवर चढवला आणि एका ठिकाणी भलतंच आउटपुट आलं, तर आपण आधी कोडकडे बघत नाही. आत काय डेटा गेला, कॉन्फिगरेशन काय आहे, कोणाच्या हातात कुठला ॲक्सेस आहे, हे बघतो. विकिपीडियाकडे तसं बघायचं तर आधी त्याचे नियम कुठून आले ते पाहावं लागेल.

तज्ज्ञांना रजा

मार्च २०००मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ऑनलाइन कोश काढला. लेख जाणकारांनी लिहायचे आणि ते सात टप्प्यांच्या तपासणीतून पार व्हायला हवेत, अशी अट होती. पहिल्या वर्षभरात जेमतेम वीसेक लेख पार झाले. मग कच्चे लेख भराभर जमावेत म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी शेजारी एक मोकळं मैदान उघडलं. कोणीही यावं, काहीही बदलावं. या मैदानाचं नाव विकिपीडिया. वर्ष संपेपर्यंत तिथे वीस हजारांच्या आसपास लेख झाले. न्यूपीडिया २००३मध्ये बंद पडला.

आता अडचण अशी की तज्ज्ञच उरला नाही, तर विश्वास कशावर ठेवायचा? समोर लिहिणारा प्राध्यापक आहे की दहावीतला मुलगा, हे कळायला मार्ग नाही. यातून तीन नियम घडत गेले. पहिला, लेखाची भूमिका तटस्थ हवी. दुसरा, प्रत्येक दावा कुठल्यातरी प्रकाशित, विश्वासार्ह स्रोतात पडताळता यायला हवा. तिसरा, इथे स्वतःचं संशोधन मांडायचं नाही.

यातला दुसरा नियम पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. कारण इंग्रजी विकिपीडियाच्या त्या पानावर अनेक वर्षं सुरुवातीलाच स्पष्ट म्हटलेलं होतं की मजकूर ठेवायचा की नाही याचा निकष ‘पडताळता येणं’ हा आहे, ‘सत्य असणं’ हा नव्हे. पण जरा विचार केला की त्यातलं शहाणपण कळतं. टोपणनावांनी वावरणारी दोन अनोळखी माणसं सत्य काय यावर जन्मभर भांडू शकतात. अमुक पुस्तकाच्या तमुक पानावर काय छापलंय, हे भांडण मात्र पाच मिनिटांत मिटतं.

तिसऱ्या नियमाचा एक मजेशीर परिणाम मराठी वाचकाला पटकन कळेल. गावोगाव वणवण करून दप्तरं गोळा करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी नवं अस्सल पत्र वाचून त्यावरचा निष्कर्ष थेट विकिपीडियावर टाकला असता, तर दुसऱ्या मिनिटाला कुणी कॉलेजकुमाराने तो उडवला असता. आणि नियमानुसार त्या कॉलेजकुमाराचंच बरोबर ठरलं असतं. आधी छापा, जाणकारांना तपासू द्या, मग इथे या. विकिपीडिया ज्ञान तयार करत नाही, तयार झालेलं गोळा करतो. त्यामुळे त्याचा दर्जा बाहेर काय छापलं जातं याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मराठीकडे येऊ तेव्हा ते लागणार आहे.

नियम होते तरी ते पाळून घ्यायला माणसं लागतात, हे २००५मध्ये चव्हाट्यावर आलं. जॉन सीगेंथालर हे अमेरिकेतले जुनेजाणते पत्रकार. एकेकाळी रॉबर्ट केनेडींसोबत काम केलेले. केनेडी बंधूंच्या हत्येत काही काळ त्यांच्यावरच संशय होता, असं कोणीतरी त्यांच्या चरित्राच्या पानात गंमत म्हणून घुसडलं. चार महिने ते तसंच राहिलं. सीगेंथालर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून वाभाडे काढले, तेव्हा विकिपीडिया हादरला आणि निनावी माणसाला इंग्रजीत नवा लेख सुरू करायला बंदी आली. गंमत म्हणजे त्याच डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडाडून आक्षेप घेतला. पण या दोन बातम्या शेजारी ठेवून बघा. ज्या पानावर पुष्कळ डोळे होते तिथे कारभार बरा होता. ज्या पानाकडे कोणी फिरकत नव्हतं, तिथे खुनाचा आरोप चार महिने आरामात बसून राहिला.

स्रोताला स्रोत कोण देणार?

पडताळता येणं हा निकष ठरला की सगळं भांडण स्रोतावर सरकतं. कोणता स्रोत विश्वासार्ह?

दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा प्राणी आहे. २००८मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने त्याच्या पानावर गंमत म्हणून टाकलं की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. हे नाव त्याने तिथल्या तिथे रचलेलं होतं. पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते विकिपीडियावरून उचललं, एका विद्यापीठाच्या प्रकाशनातही ते आलं. मग विकिपीडियावरच्या त्या वाक्याला संदर्भ म्हणून तीच वर्तमानपत्रं जोडली गेली. थाप स्वतःच्याच सावलीला साक्षीदार म्हणून घेऊन आली. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतो. ‘अ’ला ‘ब’ हवा, ‘ब’ला ‘अ’ हवा, आणि पाया कुठेच नाही.

अशा गोष्टींमुळे इंग्रजी विकिपीडियावर स्रोतांचीच झडती सुरू झाली. फेब्रुवारी २०१७मध्ये तिथल्या संपादकांनी लांबलचक चर्चेनंतर ठरवलं की ब्रिटनचं ‘डेली मेल’ हे प्रचंड खपाचं वर्तमानपत्र संदर्भ म्हणून साधारणपणे वापरायचं नाही. तथ्यांची ढिसाळ तपासणी, सनसनाटी आणि रचलेल्या बातम्या ही कारणं दिली. ‘डेली मेल’ अर्थातच भडकलं : निनावी मूठभर माणसं एका राष्ट्रीय वर्तमानपत्राला अपात्र ठरवणार? पुढच्या काही वर्षांत उजव्या बाजूचं ‘ब्राइटबार्ट’, डाव्या बाजूचं ‘ऑक्युपाय डेमोक्रॅट्स’, रशियन सरकारचं ‘आरटी’, आपल्याकडचं ‘ऑपइंडिया’ अशी नावं त्या यादीत गेली. आज वारंवार वादात येणाऱ्या स्रोतांची रंगीत तक्ता असलेली एक लांबच लांब यादीच तिथे आहे. हिरवा म्हणजे चालेल, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे शक्यतो नको.

या यादीवरून होणाऱ्या वादात एक गोष्ट हमखास निसटते. पक्षपाती असणं आणि अविश्वसनीय असणं हे विकिपीडियाच्या नियमात दोन वेगळे गुन्हे आहेत. खरं तर पहिला गुन्हाच नाही. स्रोत डावा असो वा उजवा, तो तथ्यं तपासून छापत असेल आणि चुकल्यावर दुरुस्ती देत असेल, तर त्याचा संदर्भ चालतो. फक्त ‘अमुक यांच्या मते’ असं नाव घालून. आपल्या गावातला एखादा काका कट्टर एका पक्षाचा असतो, पण सोसायटीच्या हिशोबात त्याने कधी एक रुपया इकडचा तिकडे केलेला नसतो. खजिनदार म्हणून त्यालाच निवडतात. अडचण येते ती दोन्ही दोष एकाच ठिकाणी नांदतात तेव्हा. आणि तपासणारे सगळे एकाच बाजूचे असतील, तर समोरच्या बाजूचा दोष त्यांना चटकन दिसतो, आपल्या बाजूचा उशिरा.

मग विकिपीडिया झुकलेला आहे का?

सहसंस्थापक लॅरी सँगर २००२मध्येच बाहेर पडले. २०२०पासून ते उघडपणे म्हणू लागले की तटस्थता मेली आणि विकिपीडिया डावीकडे कलंडला. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तो मोजून बघितला गेला आहे.

शेन ग्रीनस्टीन आणि फेंग झू या दोन अभ्यासकांनी २०१२मध्ये अमेरिकी राजकारणाशी संबंधित अठ्ठावीस हजारांहून जास्त लेख घेतले. अमेरिकी संसदेत डेमोक्रॅट कोणते शब्दप्रयोग जास्त करतात, रिपब्लिकन कोणते, याच्याशी त्या लेखांची भाषा ताडून बघितली. सुरुवातीच्या काळातले लेख डेमोक्रॅटांकडे झुकलेले निघाले. काळ गेला तसा एकूण कोश मध्याकडे सरकला, पण त्याचं मोठं कारण उलट्या बाजूला झुकलेले नवे लेख आले, हे होतं. पुढे त्यांनी एकाच विषयावरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिकातले लेख जोडीने तपासले. तिथेही विकिपीडिया जास्त झुकलेला दिसला. पण एखादा लेख जितक्या जास्त वेळा संपादित झाला, तितका ब्रिटानिकाशी असलेला हा फरक कमी होत गेला.

२०१९मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेविअर’मध्ये आलेला आणखी एक अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यात संपादकांचा राजकीय कल त्यांच्या संपादनांवरून ताडला होता. डावे आणि उजवे दोघंही भरपूर असलेल्या चमूचे लेख, एकाच विचाराच्या चमूच्या लेखांपेक्षा चांगल्या दर्जाचे निघाले. राजकारणाचे लेख तर खरेच, सामाजिक प्रश्न आणि विज्ञानाचे लेखसुद्धा. अशा पानांवरच्या चर्चा लांबत होत्या, पण त्यांतून लेख सुधारत होता.

मला यात नवल वाटलं नाही. माझ्या रोजच्या कामात मी लिहिलेला कोड कोणीतरी दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तपासणारा माझ्यासारखाच विचार करणारा मित्र असला, तर दोन मिनिटांत ‘ठीक आहे’ येतं. प्रत्येक ओळीला ‘हे का?’ विचारणारा असला की डोकं फिरतं, पण रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळत नाही. तटस्थ माणूस सापडणं कठीण. एकमेकांना सोडून न जाणारे दोन पक्षपाती मात्र सापडू शकतात, आणि काम त्यांच्यावर भागतं.

झाग्रेबमध्ये काय बिघडलं

आता पुन्हा क्रोएशियाकडे. सर्ब, क्रोएट, बोस्नियन ही माणसं दुभाष्याशिवाय एकमेकांशी बोलू शकतात. युगोस्लाव्हिया फुटल्यानंतरच्या युद्धगुन्ह्यांची सुनावणी करणाऱ्या हेगच्या न्यायालयाने तर तिन्हींच्या आद्याक्षरांचं एकच नाव करून कामकाज चालवलं. विकिपीडियावरही २००२मध्ये सर्बो-क्रोएशियन असा एकच कोश सुरू झाला होता. मग बोस्नियन वेगळा निघाला, फेब्रुवारी २००३मध्ये सर्बियन आणि क्रोएशियन वेगळे निघाले. सर्बो-क्रोएशियनही उरला. भाषा जवळपास एक, कोश चार.

प्रत्येकाला आपलं घर मिळालं. पण त्या घरात उलट बोलणारा पाहुणाच येईनासा झाला. जो सर्ब यासेनोवात्सच्या पानावर हुज्जत घातली असती, तो सर्बियन कोशात जाऊन बसला. जो क्रोएट आपल्याच इतिहासाबद्दल कठोर होता, त्याला इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं. जे तरीही थांबले, त्यांना प्रचालकांनी ब्लॉक केलं.

विकिपीडियाच्या मराठीत ॲडमिनला प्रचालक म्हणतात. पान गोठवणं, पुसणं, माणसाला बंदी घालणं हे अधिकार त्याच्याकडे असतात. लेखात काय असावं हे ठरवण्याचा वेगळा अधिकार त्याला नसतो. क्रोएशियन कोशात मूठभर प्रचालकांनी पहिल्या अधिकारातून दुसरा मिळवला. सापळा सोपा होता. मतभेद झाला की मतदान घ्यायचं. विरोधक ब्लॉक झालेले असल्याने मतदान आपलंच. कमी पडलं तर दुसऱ्या नावाने उघडलेली खाती आहेतच. आमच्या भाषेत सांगायचं तर स्वतःच लिहिलेला कोड दुसऱ्या अकाउंटने लॉगिन करून स्वतःच मंजूर करायचा. आणि स्रोत? संदर्भ तिथेही होते. पानाखाली आकड्यांची रांग होती. फक्त आपल्याला हवं ते म्हणणारे स्रोत आत येत होते आणि उरलेले बाहेर राहत होते. ‘पडताळता येणं’ हा नियम अक्षरशः पाळला जात होता.

मंत्र्यांनी २०१३मध्ये इशारा दिला, क्रोएशियन वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं छापली, तरी पुढची सात वर्षं फार काही हललं नाही. कारण प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वायत्त. बाहेरून कोणी हुकूम सोडायचा नाही, अशी प्रथा. शेवटी नोव्हेंबर २०२०मध्ये जगभरच्या संपादकांच्या चर्चेतून सगळ्यात बलवान प्रचालकांपैकी एकाला सर्व प्रकल्पांतून हद्दपार केलं. त्यानंतर बनावट खात्यांचं जाळं उघडं पडलं. जून २०२१मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने बाहेरच्या अभ्यासकाकडून केलेला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच प्रश्न होता : ज्ञानाचा कोश की राष्ट्रासाठीचा कोश? किमान २०११ ते २०२० या काळात एका गटाने कोशावर कब्जा ठेवून मजकूर जाणूनबुजून वाकवला, असा निष्कर्ष होता.

दहा वर्षं. २०११ला पाचवीत असलेल्या मुलाची या काळात शाळा संपली. गृहपाठासाठी गूगल केलं की पहिलं पान हेच. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कोड तोच होता, नियम तेच होते. वेगळं होतं ते एवढंच की भांडणारं माणूस टेबलावर उरलं नव्हतं.

आपली चावडी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाला सुरू झाला. म्हणजे क्रोएशियनपेक्षा अडीच महिन्यांनी लहान. क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्याही आत आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. तरी त्यांच्याकडे दोन लाखांहून अधिक लेख आहेत आणि आपल्याकडे एक लाखाच्या आसपास. प्रचालक बोटांवर मोजण्याइतके. सगळ्यांनी बसून बोलायच्या पानाला आपल्याकडे ‘चावडी’ असं झकास नाव आहे, पण तिथे संध्याकाळी फारशी गर्दी नसते. जी मोजकी माणसं वर्षानुवर्षं फुकट राबतात, त्यांच्यामुळेच हा कोश उभा आहे. मला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. चिंता आहे ती संख्येची. इतक्या कमी डोळ्यांत क्रोएशियासारखा कब्जा करायला फौज लागणार नाही, चार चिकाटीची माणसं पुरतील.

दुसरी अडचण स्रोतांची. मराठीतलं कितीतरी काम जुन्या पुस्तकांत, जिल्हा वर्तमानपत्रांच्या पिवळ्या गठ्ठ्यांत, बंद पडलेल्या नियतकालिकांत आहे. नेटवर सापडतो तो इंग्रजी स्रोत. मग आपल्याच माणसाबद्दलच्या पानाखाली परदेशी विद्यापीठांच्या पुस्तकांची यादी लागते. यात कोणाचा कट नाही. जे हाताशी आहे ते वापरलं जातं.

आणि स्रोत किती वाकडा असू शकतो, हे मराठी माणसाला कोणी क्रोएशियातून येऊन शिकवायला नको. संभाजी महाराजांना १६८९मध्ये मारलं गेलं. त्यांची व्यसनी, उच्छृंखल अशी जी प्रतिमा पुढे घट्ट झाली, तिचा मोठा आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ती लिहिली गेली १८१०च्या सुमारास, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. लिहिणारे होते बाळाजी आवजी चिटणीस यांच्या घराण्यातले, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. आजच्या विकिपीडियाच्या भाषेत हा हितसंबंधांचा झगडा. लेखकाने स्वतःच घोषित करून बाजूला व्हायला हवं असा. पण बखर छापली गेली, तिच्यावरून नाटकं, कादंबऱ्या झाल्या, आणि त्यांनी बखरीला आणखी बळ दिलं. कोआटीची गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षं आधी घडून गेली होती.

ती प्रतिमा पुसली वा. सी. बेंद्रे यांनी. सुमारे चाळीस वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६०मध्ये त्यांनी संभाजी महाराजांचं चरित्र छापलं. पुढे कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. चुकीच्या स्रोताला चांगल्या स्रोताने उत्तर दिलं. वेळ लागला, पण ते उत्तर टिकलं.

फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि लोकांनी फोनवर संभाजी महाराजांचं इंग्रजी पान उघडलं. त्यातला काही मजकूर आक्षेपार्ह वाटला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालायला सांगितलं, महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला मजकूर काढण्याची नोटीस पाठवली, पाठोपाठ काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. लोकांचा राग मी समजू शकतो. पण नोटिशीने बेंद्र्यांचं एक पानही त्या लेखात जात नाही. उलट नाव उघड होईल, पोलीस दारात येतील या भीतीने बेंद्रे वाचलेला माणूससुद्धा त्या पानापासून चार हात लांब राहतो.

याच्या आधी २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या पानावरच्या वर्णनावरून दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा दावा लावला. सरकारचं प्रचारसाधन असल्याची टीका तिच्यावर झाल्याचं त्या पानावर लिहिलं होतं. न्यायालयाने संपादकांची माहिती द्यायला सांगितलं, आणि या खटल्याबद्दल विकिपीडियावर जे पान तयार झालं होतं तेही उतरवायला लावलं. ९ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने पान उतरवण्याचा तो आदेश रद्द केला. दाव्यात कोण बरोबर हा भाग वेगळा. माझा मुद्दा भांडण कुठे होतं याचा आहे. स्रोतावरचं भांडण चर्चा पानावरून कोर्टात आणि पोलीस ठाण्यात गेलं, की ज्याच्याकडे वकील आहे तो टिकतो आणि ज्याच्याकडे फक्त पुस्तक आहे तो उठून जातो.

उठून जाण्याचे आणखीही मार्ग निघाले आहेत. अमेरिकेतल्या उजव्यांनी २००६मध्ये ‘कन्झर्व्हपीडिया’ काढला. रशियात २०२३मध्ये रशियन विकिपीडियाची नक्कल करून सरकारला चालेल असा ‘रुविकी’ आला. ऑक्टोबर २०२५मध्ये इलॉन मस्क यांच्या कंपनीने ‘ग्रोकिपीडिया’ आणला, त्यात तर लेख यंत्रच लिहितं. प्रत्येकाची तक्रार एकच, की मूळ कोश पक्षपाती आहे. तक्रारीत तथ्य असेलही. पण प्रत्येक वेळी उपाय तोच निघाला, जो २००३मध्ये झाग्रेबमध्ये निघाला होता : आपलं वेगळं घर. दरम्यान आपण विकिपीडिया उघडायचंही सोडलं आहे. फोनला प्रश्न विचारायचा, तो दोन वाक्यांत उत्तर देतो, आणि त्या उत्तरामागे बरेचदा विकिपीडियाचंच पान असतं. फक्त खालचे संदर्भ आणि मागचं भांडण गाळलेलं.

म्हणून आता एक करा. मराठी विकिपीडियावर तुमच्या गावाचं, तालुक्याचं, आवडत्या लेखकाचं किंवा नावडत्या नेत्याचं पान उघडा. मजकूर राहू दे, आधी इतिहास उघडा. शेवटचा बदल कधी झाला, कोणी केला, आधीच्या दहा बदलांत किती वेगळी नावं आहेत ते बघा. मग चर्चा पान उघडा. बहुतेक ते रिकामं असेल. रिकामं चर्चा पान म्हणजे सगळ्यांचं एकमत झालं असं नाही. बहुतेक वेळा तिथे अजून दुसरं कोणी आलेलंच नसतं.

वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी बारीक खूण दिसली, तर ती वाचून पुढे जाऊ नका. आजोबांच्या कपाटात, तालुक्याच्या वाचनालयात तो संदर्भ असण्याची शक्यता झाग्रेब किंवा सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा कितीतरी जास्त आहे. पुस्तकाचं नाव, प्रकाशनाचं वर्ष, पान क्रमांक. एवढं टाका. कोणी उडवलं तर चर्चा पानावर जाऊन का ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.